आजारी माणूस मरणावर विनोद करतो तेव्हा

"ताई, हे सारखं मरणाचंच बोलतात आणि वर हसतात. डोक्यावर परिणाम झाला नसेल ना? घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते." गोव्यातल्या साखळी गावाजवळच्या एका बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) दीर्घ आजार असलेल्या घरांतून तो मला नेहमी ऐकू येतो.

यजमानांची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. पूर्वी जत्रेच्या नाटकांत खलनायक करायचे. भर पावसात म्हणाले, "वाळवंटी नदीला पूर आणि मला मोजून लिटरभर पाणी!" चवथीच्या तोंडावर म्हणाले, "यंदा गणपतीने यायची तसदी घेऊ नये, मीच तिकडे येतोय." मुलगा हसला. बाई माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं, सामान तसंच टाकून आत जाऊन रडल्या.

यजमानांशी मी वेगळं बोलले. भीती त्यांनी लपवली नाही. "सुई बघितली की अजून घाम फुटतो. पण नाटकात मरतानाही शेवटचं वाक्य माझं असायचं, ताई." शरीर, वेळ, पाण्याचा पेलासुद्धा दुसऱ्यांच्या हाती गेलेला. बोलणं तेवढं त्यांचं उरलं होतं. नाझी छळछावणीतून वाचलेले मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनीही तिथे एका सोबत्याबरोबर नेम केला होता: सुटकेनंतर घडू शकेल अशी एक गमतीची गोष्ट रोज रचायची. घटकाभर तरी मन छावणीच्या ताब्यातून सुटायचं.

बाईंना सांगितलं, हसू येत नसेल तर हसू नका, पण त्यांना गप्प करू नका. विनोद कुणावर आहे ते ऐका. आजारावर, यमावर असेल आणि उपचार नीट चालले असतील, तर एवढं घाबरायला नको. "मी गेलो की तुम्ही सुटाल" हे मात्र हसत म्हटलं तरी गंभीरपणे घ्या. डायलिसिस चुकवू लागले, जेवण टाळू लागले, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीसुद्धा बोलता येतं.

मग दोघांना समोरासमोर बसवलं. गणपतीचं वाक्य बाईंच्या किती जिव्हारी लागलं, हे यजमानांना ठाऊकच नव्हतं. देवासमोर असलं बोलायचं नाही, एवढं त्यांनी कबूल केलं. यमाबद्दल मात्र सवलत मागून घेतली आणि बाईंनी ती दिली.