चंद्र म्हणजे स्त्री असं सगळीकडे मानतात, मग आपल्याकडे तो ‘मामा’ कसा?

सगळीकडे मानत नाहीत. ग्रीकांची सेलीनी आणि रोमनांची लूना या देवी, पण आपला चंद्र पुरुषच आहे. पुराणांत तो दक्षाच्या २७ मुलींचा, म्हणजे नक्षत्रांचा नवरा. एकट्या रोहिणीपाशी रमला म्हणून सासऱ्याने शाप दिला आणि तो झिजू लागला, अशी कथा. समुद्रमंथनातून लक्ष्मीही निघाली आणि चंद्रही, म्हणून तो तिचा भाऊ. लक्ष्मी आई, तर तो मामा. भाऊबीजेला ज्यांना भाऊ नाही त्या बायका आजही अंगणात किंवा गच्चीत ताट घेऊन चंद्रालाच ओवाळतात. जपानमध्येही चंद्रदेव त्सुकुयोमी पुरुषच.

तरी स्त्रीशी नातं आपल्याकडेही आहेच. ‘मासिक पाळी’तला ‘मास’ मुळात चांद्रमासच. ज्योतिषात चंद्र स्त्रीग्रह, आईचा कारक, म्हणजे आईविषयी सांगणारा ग्रह. पण पाळी चंद्रामुळे येते असं समजू नका: चांद्रमास साधारण २९.५ दिवसांचा, पाळीचं चक्र २१ ते ३५ दिवसांत कितीही असू शकतं.