वाचक विचारतात : पंचायतीत पेटी आहे, नेट कुठंय?

प्रश्न : आमचं गाव पेठ तालुक्यात. पंचायतीत फायबरची पेटी बसवून बरीच वर्षं झाली, लाल लाइट लुकलुकतो पण नेट काय येत नाही. पोरीचा साधा फॉर्म भरायचा तरी गाडी काढून पेठला जावं लागतं. आता म्हणे घरोघरी फायबर देणारेत, खरंय का?

उत्तर : खरंय, पण आधी त्या लाल लाइटकडे बघा. तिथं एलओएस लिहिलेलं असेल तर पेटीला करंट आहे, फायबरमधून सिग्नलच येत नाहीये, म्हणजे बहुतेक केबल कुठंतरी तुटलीय (पिन सैल झालीय का तेही बघून घ्या, तेवढ्यात काम झालं तर झालं). त्यामुळे 'तुमच्याकडे लाइट नसते' म्हणून नेट बंद, असं वीज नसल्याचं कारण कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

पंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची ही योजना 2011 ची, 2015 ला तिचं नाव भारतनेट झालं. घोळ असा की आधी तालुक्यापासून गावांपर्यंत बहुतेक एकेरी लाइन टाकली, मग रस्त्याच्या कामात जेसीबीनं एका जागी केबल उडवली की पुढची सगळी गावं बंद. आणि माझं मत विचाराल तर केबल टाकल्याचे आकडे सगळ्यांनी मिरवले, दुरुस्तीचं कोणाला पडलेलंच नव्हतं.

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रानं सुधारित भारतनेट मंजूर केलं, 1,39,579 कोटींचं. त्यात रिंग आहे, म्हणजे एकीकडून केबल तुटली तरी दुसरीकडून नेट चालू राहणार, शिवाय 10 वर्षं देखभाल, आणि पंचायतीचं मुख्य गाव सोडून बाकीच्या गावांना मागणी असेल तर लाइन. मागणी असेल तर, हे नीट वाचा! गप्प बसलात तर मागणी नाही असंच धरतील.

तेव्हा ग्रामसभेत ठराव घ्या, किती घरांना कनेक्शन हवंय त्याची यादी जोडा, एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्या. सोबत 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका : पेटी केंद्राच्या भारतनेटची की महानेटची (म्हणजे राज्य सरकारनं टाकलेल्या फायबर जाळ्याची), शेवटची चालू कधी होती, देखभाल कोणाकडे, आमचं गाव रिंगमध्ये आहे का. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न : सरकारी आहे म्हणजे फुकट का? (सिन्नर)

उत्तर : नाही हो, घरच्या कनेक्शनला महिन्याचा प्लॅन भरावाच लागणार. पण या योजनेचा निधी टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातल्या 5 टक्के आकारणीतून येतो, म्हणजे शेवटी आपल्याच रिचार्जमधून, तेव्हा मागताना लाजू नका.