एन्झाइम थांबवायचं म्हणजे त्याची अ‍ॅक्टिव्ह साइट ब्लॉक करायची, एवढंच ना?

तुम्ही विचारलंय की एन्झाइम रिअ‍ॅक्शन फास्ट कसं करतं, पेशी त्याला कंट्रोलमध्ये कशी ठेवते, आणि शेवटी जोडलंय, "इनहिबिटर अ‍ॅक्टिव्ह साइटमध्ये जाऊन बसतो, एवढंच ना?" (इनहिबिटर म्हणजे एन्झाइमला आवरणारा रेणू, अ‍ॅक्टिव्ह साइट म्हणजे एन्झाइममधली रिअ‍ॅक्शन जिथे होते ती जागा.) पहिल्या दोनांवर इथे कुणीतरी व्यवस्थित लिहीलच, मी त्या "एवढंच ना"साठी आलेय.

पहिलं पटकन उरकते. अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी (रिअ‍ॅक्शन सुरू व्हायला लागणारी ऊर्जा) कमी होते हे सगळ्यांना पाठ असतं, कशामुळे कमी होते हे कुणी सांगत नाही. फिशरचं कुलूप-किल्ली मॉडेल १८९४ चं आहे आणि ते अजून पहिल्या पानावर छापतात याचा मला राग येतो, कारण सबस्ट्रेट (ज्यावर एन्झाइम काम करतं तो रेणू) साइटमध्ये इतका फिट्ट बसला तर तो तिथेच आरामात बसून राहील, बदलेल कशाला? साइट सगळ्यात घट्ट धरते ती ट्रान्झिशन स्टेटला, म्हणजे अर्धवट तुटलेल्या अर्धवट जुळलेल्या अवस्थेला, हे पॉलिंगने १९४० च्या दशकातच सांगून ठेवलंय. याने किती फरक पडतो? ओएमपी डीकार्बोक्सिलेज नावाच्या एन्झाइमची रिअ‍ॅक्शन एन्झाइमशिवाय अर्धी व्हायला सुमारे ७ कोटी ८० लाख वर्षं लागतील असा हिशोब आहे, एन्झाइम असताना सेकंदाचाही छोटासा भाग पुरतो.

आता माझा विषय.

एमएस्सीला माझं प्रोजेक्ट ई. कोलायच्या एटीकेसवर होतं, पूर्ण नाव अ‍ॅस्पार्टेट ट्रान्सकार्बामॉयलेज. हे एन्झाइम अ‍ॅस्पार्टेट आणि कार्बामॉयल फॉस्फेट जोडून पिरिमिडीनच्या (डीएनए-आरएनएमधल्या एका प्रकारच्या बेसच्या) लाइनला सुरुवात करून देतं, त्या लाइनच्या टोकाला सीटीपी (आरएनए बनवायला लागणारा एक रेणू) तयार होतो, आणि सीटीपी साठला की तोच मागे येऊन या एन्झाइमला आवरतो. फीडबॅक इनहिबिशन. गेरहार्ट आणि पार्डी यांचं १९६२ चं काम, मी फक्त ते परत करून बघत होते, नवीन काही शोधल्याचा आव नव्हता. अ‍ॅसे, म्हणजे एन्झाइमचा वेग मोजायची चाचणी, म्हणाल तर कंटाळवाणी, जो कार्बामॉयल अ‍ॅस्पार्टेट तयार होतो त्याला पिवळा रंग आणायचा, ४६६ नॅनोमीटरवर वाचायचा, आणि तो रंग यायला इतका वेळ लागतो की ट्यूब लावून घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी कळायचं की काल काय झालं ते. पण ग्राफ सुंदर आला होता. अ‍ॅस्पार्टेट वाढवत नेलं की एस आकाराचा कर्व्ह, सीटीपी घातला की तो उजवीकडे सरकतो, एटीपी घातला की डावीकडे, आणि अ‍ॅस्पार्टेट भरपूर असेल तर सगळे वर जवळपास एकाच ठिकाणी जाऊन मिळतात.

व्हायवाला बाहेरून आलेले सर बरोबर त्या वरच्या टोकावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ, सबस्ट्रेट वाढवला की इनहिबिशन गेलं. म्हणजे काय?"

मी म्हटलं, सर, के-सिस्टिमचं अ‍ॅलोस्टेरी आहे. म्हणजे इनहिबिटर दुसऱ्याच जागी बसून सबस्ट्रेटवरची पकड सैल करतो, वरचा वेग तोच राहतो.

"कॉम्पिटिटिव्ह म्हण. सबस्ट्रेटने इनहिबिटरला साइटवरून हाकललं. एवढं सोपं आहे."

आता तुम्हीच सांगा, अ‍ॅस्पार्टेट हे एक छोटंसं अमिनो अ‍ॅसिड, सीटीपी म्हणजे बेस, साखर, तीन फॉस्फेट. दोघांच्यात साम्य कुठाय की ते एका जागेसाठी भांडतील? हे मी बोलले तर म्हणाले, दिसण्यावर जाऊ नकोस, डेटावर जा. बरं, डेटावर. मी पुढचं पान उलटलं. एन्झाइमला पाऱ्याचं कंपाउंड लावलं होतं, पॅरा-मर्क्युरीबेंझोएट, आणि नंतर तोच अ‍ॅसे. सीटीपी कितीही घाला, काही फरक नाही, एस आकार जाऊन साधा हायपरबोला (सुरुवातीपासून चढून हळूहळू सपाट होणारा कर्व्ह), आणि अ‍ॅक्टिव्हिटी शाबूत, उलट थोडी वाढलेलीच. म्हणजे ब्रेक गेला आणि इंजिन चालू. दोन्ही एकाच जागी असते तर हे झालंच नसतं. सरांनी ते पान बघितलं आणि म्हणाले, "पारा घातलास तर एन्झाइम खराब होणारच." खराब झालं तर ते जास्त जोरात कसं चालेल हो? हे मी विचारलं, बहुतेक जरा वरच्या आवाजात, आणि मार्क कुठे गेले ते मला माहीत आहे.

पारा नक्की काय करतो तेही सांगते, कारण तिथेच उत्तर आहे. एटीकेसमध्ये ६ कॅटॅलिटिक (रिअ‍ॅक्शन करणाऱ्या) साखळ्या आणि ६ रेग्युलेटरी (कंट्रोल करणाऱ्या) साखळ्या असतात. रेग्युलेटरी साखळीत ४ सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो अ‍ॅसिड) मिळून एक झिंक धरून ठेवतात आणि त्याच्या आधाराने ती कॅटॅलिटिक भागाला चिकटून असते, पारा त्या सिस्टीनवर बसतो, झिंक सुटतं, साखळ्या वेगळ्या होतात. १९६५ मध्ये गेरहार्ट आणि शॅकमन यांनी हे तुकडे वेगळे काढून दाखवले, एक तुकडा रिअ‍ॅक्शन करतो पण सीटीपी ओळखत नाही, दुसरा सीटीपी धरतो पण रिअ‍ॅक्शन करत नाही. अजून काय पुरावा पाहिजे?

आणि गंमत उलट बाजूने पण आहे. मॅलिएट हा अ‍ॅस्पार्टेटसारखा दिसतो आणि खरोखर अ‍ॅक्टिव्ह साइटमध्ये जाऊन बसतो, तुमच्या व्याख्येने पक्का इनहिबिटर. पण अ‍ॅस्पार्टेट कमी असताना थोडासा मॅलिएट घातला तर एन्झाइमचा वेग वाढतो! एका साइटमध्ये तो बसला की अख्खा रेणू ताणलेल्या स्थितीतून ढिल्या, म्हणजे कामाच्या स्थितीत पलटतो आणि बाकीच्या रिकाम्या साइट जोरात चालायला लागतात. म्हणजे साइटबाहेर बसणारा थांबवतोय आणि साइटमध्ये बसणारा पळवतोय. त्यामुळे ग्राफ कॉम्पिटिटिव्हसारखा दिसला म्हणून रेणू कुठे बसलाय हे ठरवणारा माणूस कितीही सीनियर असो, त्याचं ऐकू नका. ग्राफ वेगाबद्दल सांगतो, जागेबद्दल नाही. इनहिबिशनचे तीन-चार प्रकार पाठ करायला लावणारा तो तक्ता माझ्या मते आधी बंद करावा आणि मुलांना फक्त हा एक प्रयोग शिकवावा.

तरी थोडं आवरतं घेते. अ‍ॅक्टिव्ह साइट ब्लॉक करणारे इनहिबिटर असतात, भरपूर असतात, बरीच औषधं तशीच चालतात, अ‍ॅस्पिरिन तर सायक्लोऑक्सिजनेजच्या साइटकडे जाणाऱ्या वाटेतल्या सेरीनला अ‍ॅसिटिल ग्रुप चिकटवूनच टाकते. माझं भांडण "एवढंच" शी आहे. पेशीला स्वतःचं एन्झाइम आवरायचं असेल तर तिच्याकडे फॉस्फेट लावणं-काढणं आहे, ट्रिप्सिनोजेनसारखं निष्क्रिय बनवून नंतर कापणं आहे, नको झालेलं एन्झाइम तोडून टाकणं आहे, मुळात जीनच बंद ठेवणं आहे. यातल्या फॉस्फोरिलेशनवर खरं तर वेगळं उत्तर लागेल, तो प्रश्न वेगळा टाका.

आणि परीक्षेसाठी विचारत असाल तर हे वरचं सगळं बॅक्टेरियाचं, त्यातही ई. कोलायचं. बॅसिलस सब्टिलिसच्या एटीकेसला रेग्युलेटरी साखळ्याच नाहीत. माणसात एटीकेस हे सीएडी नावाच्या मोठ्या प्रोटीनचा एक भाग आहे आणि तिथे मुख्य कंट्रोल एक पायरी आधी, कार्बामॉयल फॉस्फेट सिंथेटेजवर आहे, ब्रेक लावणारा पण सीटीपी नाही, यूटीपी.