काऊ म्हणजे कावळा की गाय?

प्रश्न : माझा मुलगा २२ महिन्यांचा आहे. मोबाइलवर त्याला प्राण्यांचा एक खेळ लावून देते. चित्राला बोट लावलं की इंग्रजी नाव आणि आवाज ऐकू येतो. मागच्या महिन्यात साताऱ्याला सासरी गेलो, तेव्हा गोठ्यातली गाय बघून तो ‘काऊ’ म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, ‘अरे, काऊ झाडावर बसतो, ही हम्मा.’ तेव्हापासून गाय दिसली की तो गप्प होतो आणि माझ्याकडे बघतो. खेळ बंद करू का?
– एक आई, चिंचवड

उत्तर : तो चुकला नाही आणि तुमच्या सासूबाईही चुकल्या नाहीत. आपल्या घरात चिऊ-काऊ आधी येतात आणि खेळातल्या काऊला चार पाय आहेत! तो तुमच्याकडे बघतो म्हणजे विचारतोय. तेव्हा एवढंच म्हणा, ‘गाय. हम्मा. गाय हंबरते.’

खेळ मात्र तूर्त काढून टाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच. दोन वर्षं झाल्यावर दिवसाला फार तर एक तास, तोही जितका कमी तितका बरा. शिवाय मी पाहिलेल्या अशा खेळांत डुक्कर हमखास असतं, म्हैस नसते. ज्या म्हशीचं दूध पोर रोज पितं, तिचं रेकणं त्याला कोण ऐकवणार?

मोबाइल घरात राहू दे, पण त्याचा पडदा नको, कान वापरा. खिडकीतला कावळा, गल्लीतलं कुत्रं, कोपऱ्यावरची शेळी यांचे आवाज रेकॉर्ड करा. गाय सासूबाईंकडून मागवा. संध्याकाळी वासरू सोडायच्या आधी ती हंबरते, तेव्हा टिपायला सांगा, आणि शेवटी त्यांच्याच आवाजात, ‘ही आपली कपिला.’ चार आवाज पुष्कळ झाले.

मग मोबाइल पालथा घालून टॉवेलखाली ठेवा, एक आवाज लावा आणि विचारा, ‘कोण आलं?’ आता थांबा. मनात दहा अंक मोजा. बहुतेक आया इथेच घाई करून उत्तर सांगून टाकतात. तो टॉवेल ओढेल, ओढू द्या. नुसतं बोट खिडकीकडे केलं तरी ते उत्तरच आहे.

त्याने काढलेला आवाज लगेच दुरुस्त करू नका. इचलकरंजीत ३१ वर्षं बालवाडी चालवली, तिथे एक मुलगी मोर म्हटलं की मांजरासारखी ओरडायची. मी तिला कितीदा तरी अडवलं. पुढे पावसाळ्यात शेतावर मोर ऐकला. तो अगदी तसाच, लांबवर ‘म्याओ’ करत होता. त्या पोरीने मोर खरंच ऐकला होता, मी नव्हता.

पुढच्या वेळी साताऱ्याला गेलात की मोबाइल पिशवीत ठेवून त्याला तिन्हीसांजेला गोठ्यात न्या. कपिला हंबरल्यावर तो आधी तिच्याकडे बघतो की तुमच्या पिशवीकडे, ते मला जरूर कळवा.