सरांना कसं सांगू?

प्रश्न : मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत पीएच.डी.साठी सरांनी सहा विद्यापीठांना शिफारसपत्रं दिली, माझं एसओपीही (अर्जासोबतचं उद्देशपत्र) तपासून दिलं. एका ठिकाणी असिस्टंटशिपसह (शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल मिळणारे पैसे) प्रवेश मिळालाय, दोन निकाल बाकी आहेत. पण घरच्या अडचणींमुळे इथेच नोकरी धरायचं ठरवलंय. सरांसमोर जायचा धीर होत नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : निर्णय डळमळीत असेल तर सल्ला मागायला जा, पक्का असेल तर सांगायला जा. पक्का निर्णय सल्ल्याच्या आडून सांगायला गेलात, तर सर तासभर तोडगे सुचवत बसतील आणि शेवटी त्यांना उगाच बोलावल्यासारखं वाटेल. ‘यंदा नाही, पुढच्या वर्षी’ असं मनात असेल, तर प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का, हे विद्यापीठाला ईमेलवर विचारा. असिस्टंटशिपचं वेगळं विचारा. प्रवेश पुढे गेला म्हणून पैसेही पुढे जातीलच असं नाही.

नकार पक्का असेल तर आधी सर, मग विद्यापीठ. तिथल्या एखाद्या प्राध्यापकाशी सर स्वतः बोलले असतील, तर ही बातमी त्यांना तिकडून कळता कामा नये. मित्रांच्या ग्रुपवरूनही नको. वेळ मागून केबिनमध्ये भेटा. तास संपल्यावर जिन्यात गाठू नका. पहिल्याच वाक्यात मुद्दा सांगा : ‘सर, यंदा पीएच.डी.ला जात नाहीये, नोकरी घेतोय. तुम्ही एवढी पत्रं दिलीत, म्हणून आधी तुम्हाला सांगायला आलो.’ कारण एका वाक्यात, आणि खरं. व्हिसाचं निमित्त पुढे करू नका. ते विभागात टिकत नाही, आणि मग पुढचं पत्र मागायला तोंड उरत नाही. सर चिडले तर ऐकून घ्या, घरची कैफियत लांबवू नका. त्याच संध्याकाळी चार ओळींचा आभाराचा ईमेल टाका. (पेढे नोकरीवर रुजू झाल्यावर.)

मग लगेच विद्यापीठाच्या पोर्टलवर नकार नोंदवा. असिस्टंटशिपच्या प्रस्तावांना उत्तर द्यायची मुदत बहुतेक अमेरिकी विद्यापीठांत १५ एप्रिल असते. तुम्ही अडवलेली जागा प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी मिळू शकते, आणि शेवटच्या दिवशी सोडली तर त्या मुलाच्या हातात वेळ राहत नाही. निकाल बाकी असलेले दोन अर्जही मागे घ्या. अर्जाचं शुल्क परत मिळत नाही, ते सोडून द्या. एखाद्या ठिकाणी सरांचं पत्र जायचं राहिलं असेल, तर त्या विद्यापीठाचं नाव त्यांना कळवा. नाहीतर पोर्टलची स्मरणपत्रं त्यांच्या इनबॉक्समध्ये येत राहतील.

पुढे कधी जायचं झालं तर पत्राची प्रत जपून ठेवायची विनंती सरांना आताच करा. वर्षातून एकदा कामाची खबर आणि नवा बायोडेटा पाठवत राहा. जीआरई या प्रवेशपरीक्षेचे गुण पाच वर्षं चालतात, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे दोनच.