डॉबरमनचं पिल्लू आणतोयस? कान तसेच राहू देत

अभिनंदन मित्रा! मी सांगलीत पंधरा वर्षं डॉबरमन पाळतोय. तुझा पहिला प्रश्न पिल्लाचे कान कापून उभे करायचे का हा, म्हणून आधी तेच सांगतो: कापू नकोस.

डॉबरमनचे कान जन्मतः लोंबतेच असतात. साधारण सात ते बारा आठवड्यांच्या पिल्लाला भूल देऊन ते कापतात आणि पुढे कित्येक आठवडे पट्ट्या बांधून उभे ठेवतात. माझ्या पहिल्या कुत्र्याचे मी कापून घेतले होते. टाके पिकले. पट्टी बदलायला हात पुढे केला की ते पोर खाटेखाली शिरून थरथरायचं. अजून आठवलं की जीव तुटतो. कान कापून राखण काही वाढत नाही, फक्त रुबाब दिसतो. हा कुत्रा मूळचा जर्मनीचा, आणि तिथंच १९८७ पासून कान कापायला बंदी आहे.

आता नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- लसी पूर्ण होण्याआधी रस्त्यावर फिरवणं. पार्व्हो (विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार) झाला तर पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं.
- दिवसभर साखळी. याला घरातली माणसं लागतात, एकटा बांधला की चिडका होतो.
- एप्रिल-मेच्या दुपारी फिरवणं. डांबरावर तळहात टेकवून बघ, तुला सोसत नसेल तर त्यालाही नाही.
- बेदाणे. तासगाव जवळ, त्यामुळे आपल्याकडे घरोघरी डबा भरलेला. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, एकही देऊ नकोस.

आहार, ट्रेनिंग नंतर बोलू. आठ आठवडे होईपर्यंत पिल्लू आईपासून तोडू नकोस, विकणारा कितीही घाई करू दे.