खिम्याचे गोळे, वाफेवरचे

वाचकांचे प्रश्न, मावशींची उत्तरं. मावशी भिवापूर तालुक्यातल्या निवृत्त आरोग्यसेविका आहेत.

प्रश्न : मावशी, नमस्कार. आमचं गाव दारव्हा तालुक्यात आहे. मुलगा पुण्याला शिकतो. तिथं कुठं तरी मीटबॉल खाऊन आला, आता सुट्टीत घरी आला की तेच कर म्हणतो. मी खिम्याचे गोळे तळून रश्शात सोडले, तर निम्मे फुटले. त्यात सासऱ्यांना बीपी अन् शुगर दोन्ही आहे. डॉक्टरांनी तळलेलं आणि खारट बंद केलं. त्यांना मटण फार आवडतं, पण आम्ही जेवतो तेव्हा नुसते पाहत बसतात. एका घरात दोन स्वयंपाक कसे करू?

उत्तर : ताई, दोन स्वयंपाक करूच नका. दुसऱ्याच्या ताटाकडे पाहत जेवणारा माणूस माझ्याही घरात होता. मालकांच्या हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा सहा महिने मी त्यांना वेगळं वाढलं, अन् त्यांचं जेवणावरचं मनच उडालं. मग मी सगळ्यांसाठी एकच रांधायला लागले. हे गोळे तेव्हापासूनचे.

गोळाभात तुम्ही करतच असाल. हरभरा डाळीच्या भरड्याचे गोळे शिजत्या भातावर ठेवायचे, वरून झाकण, वाफेवर होतात. तेल ज्याला जेवढं पाहिजे तेवढं वरून. खिम्याला तोच हात लावायचा. फक्त हे गोळे भातावर ठेवू नका. कच्च्या मटणाचं पाणी भातात उतरतं, अन् भात झाला तरी गोळा मधून कच्चा राहू शकतो. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी उकळवा, वर तेलाचं बोट फिरवलेली चाळणी ठेवा.

खिमा तयार घेऊ नका. मांडीचा तुकडा निवडा, वरची चरबी समोर काढायला लावा, मग दोनदा बारीक करून घ्या. तयार खिम्यात किती चरबी गेली ते कळत नाही. आणखी एक कारण आहे. अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात, खिमा केला की ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून बाजारातून आणला त्याच दिवशी करा, आणि मधला भाग गुलाबी असेल तर कोणालाही वाढू नका. लोडशेडिंगच्या दिवसांत तर फ्रिजच्या भरवशावर खिमा ठेवायचाच नाही.

पाच माणसांना पाव किलो खिमा पुरतो, कारण त्यात एक वाटी हरभरा डाळ घालायची. डाळ भिजवून बोटचेपी शिजवा, पाणी पूर्ण निथळून पाट्यावर वाटा. मिक्सरमध्ये ती लगदा होते. डाळीनं चरबीचा वाटा कमी होतो, फायबर मिळतं, अन् पैसेही वाचतात.

आता फुटण्याचं. गोळे बहुतेक कांद्याच्या पाण्यानं फुटतात. माझ्या भावाच्या घरी वीस माणसं पंगतीला बसली होती आणि माझा पूर्ण गंज असाच फुटला होता, तेव्हा मी हे शिकले. कांदा किसून फडक्यात घट्ट पिळा. खिम्यात आधी नुसतं मीठ घालून पाच मिनिटं मळा. मिठानं मांसातलं प्रथिन सुटून खिमा हाताला चिकटायला लागतो, तोच खरा बांध. मग डाळ, कांदा, आलं-लसूण, बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर), हळद, तिखट आणि भाजलेल्या जवसाची दोन चमचे पूड घाला. जवस ओलावा शोषून बुळबुळीत होतो अन् गोळा धरून ठेवतो, अंडं लागत नाही. ब्रेडचा चुरा किंवा मैदा तर नकोच. लिंबाएवढे गोळे वळा. वाफ भरल्यावर पंधरा मिनिटं, मग एक फोडून पाहा.

मीठ मात्र मोजा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहूनही कमी. गोळे आणि रस्सा मिळून पाच माणसांत तो एकच चमचा, अर्धा इकडं, अर्धा तिकडं. चव कमी वाटली तर लिंबू पिळा.

रश्शाला पोह्याचे तीनच चमचे तेल. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, त्यामुळे तळण टाळून वर चार बोटं तर्री ठेवली तर हिशेब तिथंच आला. कांदा निखाऱ्यात काळा होईस्तोवर भाजा, सोलून थोड्या खसखशीसोबत वाटा. रस्सा त्यानंच दाट होतो, सुकं खोबरं नावाला पुरे. गोळे शेवटी सोडा, मंद आचेवर दहा मिनिटं. खदखदत्या रश्शात टाकू नका, अन् कलथा घालू नका, गंजच हलवा.

सासऱ्यांना चार गोळे, एक भाकरी, बाजूला काकडी अन् मुळा. ज्वारी चांगली, पण तिच्यातही स्टार्च आहे, शुगरवाल्यानं भाकरी मोजूनच खावी. आपल्याकडे ज्वारी म्हटलं की तीन-तीन भाकरी खाणारे मी खूप पाहिले. किडनीचा त्रास असेल तर मटण आणि डाळ किती, हे आधी डॉक्टरांना विचारा.

मुलाला सांगा, याला आपल्याकडे कोफ्ताच म्हणतात. शब्द फारसी आहे, कुटणं-वाटणं यातून आलेला.

प्रश्न : मटण महाग पडतं. चिकनचे केले तर कोरडे होतात. काय करावं?

उत्तर : नुसत्या छातीच्या मांसाचे कराल तर कोरडेच होतील, त्यात चरबी फार थोडी असते. साल काढून निम्मं मांडीचं मांस घ्या आणि पाव किलोला दोन चमचे घट्ट दही घाला. दह्यामुळे मिश्रण सैल वाटलं तर भाजलेलं ज्वारीचं पीठ चमचाभर. हे गोळे लवकर होतात, बारा मिनिटांनी पाहा, पण इथंही मधून गुलाबी दिसला की पुन्हा चाळणीवर.